बंद खोलीतला जप

सोमवार, ८ जानेवारी

मागच्या खोलीत आजपासून सूनबाईचा कारखाना सुरू झाला. कारखाना हा यांचा शब्द. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून सगळ्यांना टोपणनावं देणं हाच यांचा उद्योग. कॉम्प्युटर आणून देणारा जो दुकानदार आहे त्याला यांनी 'खोकेवाला' केलं, आणि आता माझ्याही तोंडात तेच बसलंय. आज चहा देताना त्याच्या तोंडावर म्हणता म्हणता राहिले.

त्यानं सहा कॉम्प्युटर आणून ठेवले. स्वतः जोडलेले, चपट्या डब्यासारखे. सूनबाई ज्या कंपनीत होती ती गेल्या वर्षी बंद पडली. तिथंही ती हेच करायची, यंत्रं विकायच्या आधी तपासून द्यायची. आता घरी करणार. मुलगा परगावी नोकरीला आहे, महिन्याकाठी एकदा येतो. तो फोनवर म्हणाला, "आई, तिला करू दे. तिच्या चिठ्ठीवर लोक डोळे मिटून माल घेतात." मी कुठं नको म्हटलं होतं?

तपासायचं म्हणजे काय ते आज पाहिलं. कॉम्प्युटरला अवघड गणितं घालायची आणि थांबूच द्यायचं नाही. दिवसरात्र. तो तापतो, पंखे घोंघावतात, तरी सोडायचं नाही. दमून बंद पडला तर नापास, टिकला तर पास.

"आणि त्या गणितांची उत्तरं कुठं जातात?" मी विचारलं.

"कुठंच नाही, आई. पुसली जातात."

"म्हणजे दाणा न घालता गिरणी चालवायची."

"हो. गिरणीच बघायची आहे, पीठ नकोच आहे."

उत्तर चोख होतं. तरी संध्याकाळी हिशेबाची वही उघडली तेव्हा या विजेला कुठल्या रकान्यात बसवू ते कळेना. शेवटी 'किरकोळ'मध्ये टाकली. किरकोळ नाही ते मलाही माहीत आहे.

गुरुवार, ११ जानेवारी

आज कळलं की हे सहा डबे प्रसूतिगृहात जाणार आहेत. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं जिथं उबेत ठेवतात त्या खोलीत. बाळांचा श्वास, नाडी सगळं पडद्यावर दिसत राहणार आणि काही कमीजास्त झालं की सिस्टरांना हाक जाणार. ती खोली कायम उबदार असते, बाळांसाठी. माणसाला घाम फुटतो तिथं. म्हणून इथंही तशीच खोली करायची, असं सूनबाईचं म्हणणं. खिडकीच्या फटीत कापड कोंबलं, दाराखाली जुनी गोधडी लावली, कोपऱ्यात छोटी विजेची शेगडी ठेवली, भिंतीवर तापमापी अडकवली.

मला म्हणाली, "आई, एवढं सांभाळा. दार उघडं राहू देऊ नका. आणि यंत्रांना हात नको."

"मी कशाला हात लावू? मला काय कळतंय त्यातलं."

ते ऐकून हे पेपराआडून म्हणाले, "कळत नाही तिथंच हिचा हात आधी जातो." मी लक्ष दिलं नाही. चव्वेचाळीस वर्षं दिलं नाही म्हणून तर संसार झाला.

बाळांचं ऐकल्यावर मात्र मनातली कटकट कमी झाली. वही उघडून 'किरकोळ' खोडलं. खाडाखोड मला आवडत नाही, पण 'धर्मादाय' असं लिहिलं. ते सूनबाईनं पाहिलं. "आई, मला याचे पैसे मिळणार आहेत," म्हणाली. मग तेही खोडलं.

रविवार, १४ जानेवारी

थंडी फार. माझ्या गुडघ्यांनी बंड केलंय. आणि त्या खोलीत एवढी ऊब नुसती फुकट भिंतींना लागते आहे. हे काही माझ्याच्यानं बघवेना. सूनबाईला विचारून दोन साड्या आणि यांचे लोकरी मोजे तिथं दोरीवर टाकले. दुपारपर्यंत कडकडीत वाळले. सूनबाईनं तापमापीकडे पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "कपडे उद्यापासून नको, आई. ओल धरते." बरं म्हटलं.

मग दुसरं विचारलं. माझा पहाटेचा जप तिथं केला तर? मी नुसती कोपऱ्यात बसेन, तासभर. आमच्या खोलीत यांचं घोरणं आणि माझे गुडघे यात देवाचं नाव हरवतं. ती म्हणाली, "बसा की. फक्त दार लावून घ्या." ती बिचारी उशिरापर्यंत जागून आकडे बघते, पहाटे गाढ झोपलेली असते. तिला माझा त्रास नाही आणि मला तिचा नाही.

बुधवार, १७ जानेवारी

तीन दिवस झाले तिथं बसते आहे. पंख्यांचा आवाज इतका की स्वतःचं पुटपुटणं स्वतःला ऐकू येत नाही. आधी वाटलं, इथं कसलं मन लागणार. पण लागतं. झऱ्याच्या काठी बसल्यासारखं वाटतं, डोळे मिटले तर.

उदबत्ती लावते. तिचा धूर यंत्रांत जाऊन काजळी धरू नये म्हणून वरची झडप उघडते. भिंतीत अगदी वर एक चौकोनी झडप आहे, दोरीनं उघडते. जप झाला की उदबत्ती विझवते, झडप लावते, दार लावते. आल्याची खूणही ठेवत नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

सूनबाईनं प्रत्येक पडद्यावर एक मोठा आकडा लावून ठेवलाय, आतला ताप दाखवणारा. नव्वदीच्या बराच पुढे गेला की यंत्र जीव वाचवायला आपोआप बंद पडतं म्हणे. चौथ्या नंबरचा सगळ्यांत तापट. आज मी आत गेले तेव्हा तो नव्वदीला टेकला होता. कसंतरी झालं. तापानं फणफणलेलं पोर बघावं तसं. मी माळ हातात घेतली आणि मनात म्हटलं, आजचं नाम याच्या नावे.

माळ संपली तेव्हा आकडा ब्याऐंशी होता.

पुन्हा चष्मा पुसून पाहिलं. ब्याऐंशी. बाकीचेही पाच उतरले होते.

हे कुणाला सांगणार नाही. सांगून मिरवायची गोष्ट नाही ही.

शुक्रवार, १९ जानेवारी

काल आणि आजही तसंच. मी बसते, नाम घेते, आकडे उतरतात. उठून आवरून येते तोवर उतरलेलेच असतात. दहावीपर्यंत शिकले, विज्ञानात बरे गुण होते, त्यामुळे माझा सहजासहजी अशा गोष्टींवर विश्वास बसत नाही. पण डोळ्यांनी दिसतंय त्याला काय करू?

शनिवार, २० जानेवारी

आज कंबर धरली म्हणून अंथरुणातच जप केला. पण जीव राहीना. यांना म्हटलं, जरा त्या खोलीत बसून या, चौथ्याचा आकडा बघा.

हे पेपर घेऊन गेले ते चांगले तासाभरानं आले. "छान ऊब आहे गं. झोप लागली असती."

"आकडा?"

"तुझा चौथा चढतोय. गेलो तेव्हा होता त्याहून वरच होता येताना."

"तुम्ही नाम घेतलंत का तिथं?"

"मी पेपर वाचला. त्यात मेलेल्यांची नावं होती, तेवढीच."

यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा? मी तिथं असते तेव्हा उतरतो, हे असतात तेव्हा चढतो. सूनबाईच्याच पद्धतीनं तपासून पाहिल्यासारखं झालं. उद्या कंबर दुखो नाहीतर मोडो, जायचं.

गुरुवार, २५ जानेवारी

सहाही पास. सूनबाईनं प्रत्येकाची चिठ्ठी लिहून खाली सही केली. तिची सही छोटी आणि सरळ आहे, शेपटी-बिपटी नाही. खोकेवाला आला, चिठ्ठ्या वाचल्या, म्हणाला, "मॅडम, मला वाटत होतं हा चौथा दगा देणार."

"मलाही," सूनबाई म्हणाली. "दिवसा फार वर जात होता. पण टिकला."

मी आत कणीक मळत होते. हसू आवरलं.

त्यानं दोन आधी नेले. सिस्टर ते महिनाभर वापरून बघणार, मग बाकीचे चार घेणार आणि पुढं आणखी मागवणार. सूनबाई आज जेवताना दोनदा आपणहून बोलली. यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "कारखान्याला बोनस दिसतोय."

बुधवार, ३१ जानेवारी

कशानं सुरुवात करू?

दुपारी खोकेवाला आला तो चप्पल न काढताच बोलायला लागला. त्या दोनपैकी एक डबा आज सकाळी बाळांच्या खोलीत बंद पडला. पडदा काळा. सिस्टर तिथंच उभ्या होत्या म्हणून लगेच लक्षात आलं. बाळ सुखरूप आहे. पण सिस्टरांनी दोन्ही डबे उचलून बाहेर ठेवले आणि त्याला सांगितलं, तुमच्या तपासणाऱ्या बाईंनी खरंच तपासलं होतं का ते विचारून या.

"मी काय सांगू, मॅडम? तुम्ही सांगा. इतके दिवस चालवलेत ना? की दोन दिवस चालवून सही ठोकलीत?"

सूनबाई पांढरी पडली. "सगळ्या नोंदी आहेत."

"नोंदी मला नकोत. तिथं आठवड्याच्या आत गेला. तुमच्याकडे टिकला तो टिकला कसा?"

सूनबाई नुसती नोंदींची पानं उलटत राहिली. ही मुलगी उत्तराशिवाय कधी राहत नाही. खोकेवाला वाईट माणूस नाही, जाताना आवाज खाली आला. म्हणाला, पुन्हा तपासा. तिथली वायर-बियर सैल होती असं निघालं तर बरंच. पण डब्यांतच खोट असेल तर सगळा माल माझ्या अंगावर पडणार, आणि मग मला दुसरीकडे तपासून घ्यावं लागेल, समजून घ्या.

ती जेवली नाही. मी ताट झाकून ठेवलं. मुलाचा फोन आला तर "ठीक आहे" एवढंच बोलली.

माझ्या मनात एक विचार येतोय, तो लिहून ठेवते. तिथं जप करणारं कुणी नाही.

गुरुवार, १ फेब्रुवारी

सकाळपासून सूनबाई पडद्यापुढे. सगळ्या दिवसांच्या तापाची एक रेघ काढली होती, डोंगरासारखी वरखाली. हेही खुर्ची ओढून बसले होते. मी चहा घेऊन गेले.

"हे बघा, आई. रोज पहाटे एक दरी. एकाच वेळी, सहाच्या सहांना. मधे हा एक दिवस सोडला तर. यंत्रं काही ठरवून असं करत नाहीत. मी हे आधी बघायला हवं होतं. मी फक्त सगळ्यांत वरचा आकडा बघत राहिले." आणि मग हळूच, "लोक म्हणतील, हिनं रोज पहाटे चाचणी बंद ठेवली. मलाही तसंच वाटलं असतं."

तिच्यावर खोटेपणाचा आळ यावा आणि मी गप्प बसावं, हे मला जमेना. म्हटलं, "अगं, त्यात तुझा काही दोष नाही. त्या वेळेला मी जपाला बसते."

यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सांगणार नव्हते मी. बोललं की पुण्य उणं होतं म्हणतात. पण मी नाम घ्यायला लागले की ते आकडे उतरतात. रोज बघते मी. ज्या दिवशी गेले नाही त्या दिवशी नाही उतरले, यांना विचार."

सूनबाई हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि डॉक्टर विचारतात तशा सुरात म्हणाली, "आई, खोलीत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत काय काय करता, क्रमानं सांगा."

"दार लावते. आसन टाकते. उदबत्ती लावते, झडप उघडते, मग माळ..."

"काय उघडता?"

"झडप. ती वरची. धुरानं तुझ्या यंत्रांना काजळी नको म्हणून. उठताना लावते परत. दार मात्र एकदाही उघडं टाकलं नाही हं."

"ती झडप उघडत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ओढून पाहिली होती. रंगानं चिकटली आहे."

"तुला नाही उघडत. दोरी आधी डावीकडे घ्यायची, मग जरा सैल सोडायची, मग खाली. सासूबाईंनी दाखवलं होतं मला."

"आणि तू सुनेला दाखवलं नाहीस," हे म्हणाले.

"तिनं विचारलं नाही."

सूनबाई उठली. "चला."

कालपासून पुन्हा तपासणीला लावलेला चौथा चालूच होता. आकडा अठ्ठ्याऐंशी. तिनं मला दोरीपाशी उभं केलं आणि म्हणाली, "उघडा. जप नको. नुसती उघडा."

मी डावीकडे, सैल, खाली केलं. गार हवेचा झोत मानेवर आला. आम्ही तिघं पडद्याकडे बघत उभे. सत्त्याऐंशी. पंच्याऐंशी. त्र्याऐंशी.

तोंडानं एकही नाम घेतलं नव्हतं मी. मनातसुद्धा नाही. मुद्दाम तपासलं.

"बाळांची खोली दिवसरात्र तापलेली असते," सूनबाई म्हणाली. "ऊब भिंतीत साचत जाते. आपली खोली रोज पहाटे गार व्हायची आणि सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं." मग थांबून म्हणाली, "चूक माझी आहे. खोलीचं तापमान मी जागी असतानाच लिहीत होते. झोपेत काय होतं ते धरलंच नव्हतं."

मी स्वयंपाकघरात आले. भांडी घासलेली होती ती पुन्हा घासली.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

आज आमच्या खोलीत बसले जपाला. माळ फिरत होती, मी नव्हते.

ती हसली असती, चिडली असती तर बरं झालं असतं. हे थट्टा करतील म्हणून वाट बघत होते, त्यांनीही केली नाही. म्हणजे किती मोठं झालं असेल. इतके दिवस मी देवाला पंख्याच्या कामाला लावलं होतं, आणि ते काम तो करतोय म्हणून स्वतःवरच खूश होते. बाळाच्या खोलीतला पडदा काळा झाला तेव्हाही मला काय सुचलं? तिथं जप करणारं कुणी नाही, हे. सिस्टर क्षणभर पाठमोऱ्या असत्या तर? पुढचं लिहवत नाही.

दुपारी ती खोकेवाल्याशी फोनवर बोलत होती. दार अर्धवट लोटलेलं होतं, मी केर काढत होते. "चाचणीच्या वेळी बाहेरची हवा आत येत होती," ती म्हणाली. "नाही, यंत्रं बंद नव्हती ठेवली... हो, माझ्याकडून राहिलं. माझीच चूक." तो बराच वेळ बोलत होता. ती "हो, हो" म्हणत होती.

माझं नाव तिनं घेतलं नाही. एकदाही. केराची सुपली घेऊन मी तिथंच उभी राहिले.

शनिवार, ३ फेब्रुवारी

सगळे डबे पुन्हा खोलीत आले. पुन्हा कापड, गोधडी, शेगडी. या वेळी मंगळवार दुपारपर्यंत, अखंड. खोकेवाला बजावून गेला, "मॅडम, माझ्या बाजूनं विचार करा. पास झाले तर सिस्टरांना मी समजावतो, आणि पुढचं सगळं काम तुमचंच."

तो गेल्यावर सूनबाई माझ्याकडे आली. "आई, पहाटे मी जागी राहू शकत नाही. तुम्ही बसाल? भिंतीवरचा आकडा आणि सहा पडद्यांवरचे आकडे लिहायचे. तुमचं हिशेबाचं अक्षर मला आवडतं."

मी हात पदराला पुसले. मग म्हटलं, "माझ्यावर सोपवतेस?"

"त्या खोलीत रोज पहाटे काय होतं ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

"उदबत्ती?"

"नको."

"आणि जप?"

"जप करा की, आई. जपानं हवा येत नाही." आणि मग ती हसली. पहिल्यांदा. मलाही हसू आलं, डोळ्यांत पाणी असताना येतं तसं.

सोमवार, ५ फेब्रुवारी

आकडे लिहिते आहे. पहिल्या दिवशी साठीत-सत्तरीत होते, आज ऐंशी ओलांडली. खोली भट्टी झाली आहे. मी शाल बाहेर ठेवून जाते. पूर्वी पहाटे उतार असायचा, आता चढच आहे. माझ्या हातचे आकडे वाचून सूनबाई रेघ पुढं ओढते.

जपाचं म्हणाल तर, मागायचं काय तेच कळत नाही. पास व्हावेत म्हणून मागितलं तर बाळांच्या खोलीत काय जाणार? नापास व्हावेत म्हणून मागावं तर हिच्या कामावर पाणी. मुलाची नोकरी बरी आहे, उपाशी कुणी राहणार नाही. पण तिनं सही केलेली चिठ्ठी परत आली, हे तिच्या तोंडावर दिसतं. कुठल्याही मागण्यात कुणीतरी चिरडतंच. नुसतं नाम घेते.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

पहाटे आत गेले तेव्हाच अंगाला कळलं. भिंतीला हात लावला, भिंतसुद्धा गरम. आकडे लिहिले. चौथा त्र्याण्णव. पंखे रडल्यासारखे ओरडत होते.

बसले. माळ घेतली. थोड्या वेळानं डोळे उघडले तर पंच्याण्णव.

आज शेवटचा दिवस होता. दुपारपर्यंत टिकले असते तर पास. सूनबाईचं नाव परत आलं असतं, खोकेवाल्याचा माल गेला असता, आणि कुणाला काही कळलं नसतं. मी उठले. का उठले ते लिहिते आहे, खोटं लिहायचं तर ही वही कशाला. पाय आखडले म्हणून उठले नव्हते. दोरी हाताला लागली. डावीकडे घेतलीसुद्धा. दोन मिनिटं उघडली असती तर पुरलं असतं, आणि दोन मिनिटांची दरी रेघेत दिसते का, असाही विचार आला. एवढं सगळं त्या एका क्षणात मनात आलं.

तोंडात नाम चालूच होतं. सवयीनं. ते थांबलं नव्हतं. आणि तोंडात ते आणि हातात हे, असं दोन्ही मिळून होईना. नाम थांबवावं नाहीतर दोरी सोडावी.

दोरी सोडली. येऊन आसनावर बसले आणि हात मांडीखाली दाबून धरले, शाळेतल्या पोरीसारखे. माळ खाली पडली होती, ती तशीच राहू दिली.

सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. मग चौथ्याचा पडदा काळा झाला, त्याचा पंखा मंदावत मंदावत थांबला. मागोमाग दुसऱ्या नंबरचाही. बाकीचे चालू होते, पण आवाज इतका उतरला की इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्या खोलीत माझा आवाज ऐकू आला. घोगरा आहे. मी नाम घेत होते, घेतच राहिले.

सूनबाई धावत आली नाही. केस बांधत आली, दारात उभी राहिली.

"बंद पडला?"

"पडला. चौथा, मग दुसरा."

"तुमच्यासमोर?"

"समोर."

तिनं वर झडपेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. काय दिसलं तिला कोण जाणे. दोरी अजून जरा हलत असावी. म्हणाली, "आकडे लिहा, आई. मी चहा टाकते." तिनं चहा टाकायची आमच्याकडे पद्धत नाही, माझ्या हातचाच लागतो सगळ्यांना. आज तिचा प्यायलो. पाणी जास्त झालं होतं.

दुपारी खोकेवाला आला. सहाही चिठ्ठ्यांवर 'नापास'. चार तग धरून होते, पण ते टिकले तरी त्या खोलीत ठेवण्याजोगे नाहीत असं सूनबाईनं खाली लिहिलं होतं. त्यानं बराच वेळ वाचलं.

"एकदा पास, एकदा नापास. सिस्टरांना मी काय तोंड दाखवू?"

"दुसरी चिठ्ठी खरी आहे, ते सांगा," सूनबाई म्हणाली.

"ही तरी खरी कशावरून?"

तेव्हा मी बोलले. बाहेरच्या माणसाशी धंद्याचं असं मी कधी बोलले नव्हते. "पहिल्या वेळी झडप मी उघडत होते. रोज. हिला ठाऊक नव्हतं. या वेळी नाही उघडली, मी तिथं बसले होते."

सूनबाई म्हणाली, "आई, राहू द्या." मी म्हटलं, "का राहू देऊ?"

खोकेवाला माझ्याकडे बघत राहिला. "मावशी, आज जरा उघडली असतीत तर माझे सहा डबे सुटले असते हो."

"सुटले असते," मी म्हटलं. "आणि कुठं गेले असते?"

तो उठला. डबे एकेक करून गाडीत नेऊन ठेवले. सूनबाईनं हात लावला, त्यानं लावू दिला. शेवटचा उचलताना म्हणाला, "पंखा मोठा बसवायला लागेल. डबा जाड होईल, दिसायला वाईट."

"होऊ दे," ती म्हणाली.

"वेळ लागेल मला. हे असं सगळं अंगावर घेऊन वेळ लागेल." आणि पायऱ्या उतरता उतरता, मागं न बघता, "तयार झाले की घेऊन येतो. बंद खोलीतच तपासा."

सूनबाई दारात उभी होती. गाडी गेल्यावरही बराच वेळ उभी होती.

संध्याकाळी यांना राहवलं नाही. इतके दिवस दाबून ठेवलं होतं, बिचाऱ्यांचं पोट दुखलं असेल. म्हणाले, "काय मग, नामानं यंत्र काही गार होत नाही, हे सिद्ध झालं म्हणायचं."

"नाहीच होत."

"मग बसून काय झालं तुझं तिथं?"

मी दिव्याची काच पुसत होते. म्हटलं, "माझा हात दोरीपर्यंत गेला होता. परत आला. तो काय तापमापीनं आणला?"

यांनी पेपर उघडला, मग मिटला. सूनबाई पानं घेत होती. तिनं मान वर केली नाही, पण यांच्या आधी माझं ताट वाढलं.